उचललेल्या जीपला भंगारातला स्टॅबिलायझर बार: बसवायचा तर असा

देवगडच्या एका जीपवाल्या भावांचा प्रश्न आलाय. त्यांच्याकडे जुनी एमएम ५५० आहे, पुढे-मागे स्प्रिंगचे पाटे. दोन वर्षांपूर्वी ती ३ इंच उचलली आणि ३१ इंची टायर घातले. तेव्हापासून करूळ घाटात वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला एवढी झुकते की शेजारी बसलेला माणूस दांडी सोडत नाही. कुर्ल्याच्या भंगारबाजारातून त्यांनी एका मोठ्या एसयूव्हीचा मागचा स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडीचं झुकणं कमी करणारी आडवी पोलादी दांडी) दीड हजारात आणलाय, सोबत गंजलेल्या लिंक (बारची टोकं जोडणाऱ्या छोट्या दांड्या) आणि बार पकडणाऱ्या पट्ट्याही मिळाल्यात. हा बार जीपला बसेल का, आणि बसवायचा तर कसा, असं विचारलंय.

आधी थोडक्यात सांगतो. बार भंगारातला चालेल. लिंक, बुश (सांध्यांतली रबरं), पट्ट्या, नटबोल्ट मात्र भंगारातले चालणार नाहीत, ते आजच टाकून द्या. लिंकची लांबी काढायची ती गाडी आज जेवढ्या उंचीवर उभी आहे त्यावरून. बार ज्या गाडीतून निघाला तिच्या लिंकचं माप इथे उपयोगाचं नाही. मी जेवढे बिघडलेले बार सोडवले, त्यातल्या बहुतेकांत बार ठीक होता आणि घोळ लिंकमध्ये होता.

पण बारला हात लावण्याआधी गाडी नक्की का हलते ते बघा. वळणावर झुकणं वेगळं आणि पाट्यांवर बॉडी आडवी सरकणं वेगळं. स्टिअरिंग धरलेलं असताना दोन्ही सारखीच वाटतात. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, दोघांनी एका बाजूने रोलबार धरून गाडी आडवी हलवायची आणि तिसऱ्याने खाली बसून शॅकलकडे, म्हणजे पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या हलत्या कडीकडे बघायचं. पाटा वाकायच्या आधी शॅकलच डावी-उजवीकडे डोलत असेल तर बुश संपलेत. स्टॅबिलायझर बार तो खेळ काढू शकत नाही, त्याचं ते कामच नाही. गाडी लांब शॅकल घालून उचलली असेल तर हे हमखास दिसतं, कारण शॅकल जितकी लांब तितकी ती आडवी पिळते. शिवाय १ इंच लांब शॅकलने गाडी जेमतेम अर्धा इंच उचलली जाते, म्हणजे ३ इंचांसाठी कोणी ६ इंच लांब शॅकल घातल्या असतील तर दुखणं तिथेच आहे. पुढच्या एक्सलवर पाट्याखाली ठोकळे घालून उचलली असेल तर बारचा विचार बाजूला ठेवा आणि आधी ते ठोकळे काढून नीट कमानीचे पाटे घाला. ब्रेक मारला की पुढचा एक्सल पिळतो, आणि ठोकळा त्या पिळाला जास्त लांब तरफ देतो.

शॉकअप गळतात का, यू-बोल्ट सैल आहेत का, गेल्या खेपेला चिखलात कमी केलेली टायरची हवा परत भरली का, हेही बघून घ्या. एवढं केल्यावरही गाडी झुकत असेल तर बार लावायचा.

बार म्हणजे पिळाची स्प्रिंग. दोन्ही चाकं एकत्र वर गेली तर तो बुशमध्ये नुसता फिरतो, काहीच करत नाही. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की मधला भाग पिळला जातो आणि तो पीळ बॉडीला सरळ ठेवायला बघतो. त्याची ताकद जाडीच्या चौथ्या घातात वाढते. २२ मिमीच्या जागी २५ मिमीचा बार घातला तर दिसायला फरक बोटभरही नाही, पण ताकद साधारण १.६७ पट होते. उलट बाजूने, २२ मिमीचा बार गंजून २१ मिमीचा झाला असेल तर तिथे १७ टक्के ताकद गेली. दुसरी गोष्ट हाताची लांबी, म्हणजे बारचा वळलेला भाग, ज्याच्या टोकाला लिंक लागते. हात लांब तर बार मऊ, आणि हा फरक लांबीच्या वर्गात पडतो. म्हणून भंगारात उभं राहून ‘जाड दिसतो, हाच द्या’ असं करू नये. पाट्यांवरच्या हलक्या जीपला दोन टनांच्या गाडीचा जाडजूड बार घातला, तर घाटात गाडी सरळ राहील, पण महामार्गावरच्या खड्ड्यात एक चाक गेलं की दुसऱ्या बाजूलाही धक्का बसेल आणि माणसांची डोकी काचेवर आपटतील.

आता तुमच्या हातातला बार तपासू. ही तपासणी मनापासून करा, कारण हा तुकडा आधी किती वर्षं, कुठे, कोणत्या गाडीखाली झिजला ते कोणालाच ठाऊक नाही. माझे वस्ताद पक्के मालवणी. भंगारातला कुठलाही माल आला की एकच वाक्य, “आधी धुव, मगे बघ.” डिझेलने धुवा, तारेच्या ब्रशने गंज काढा. ग्राइंडर फिरवू नका, त्याच्या आडव्या रेघांतूनच पुढे तडा सुरू होतो. आणि गंज लवकर निघावा म्हणून अॅसिडमध्ये तर अजिबात बुडवू नका. आपल्याकडे ही खोड फार आहे. बार कडक केलेल्या स्प्रिंग स्टीलचा असतो. अॅसिडमधला हायड्रोजन अशा पोलादात शिरतो आणि ते आतून ठिसूळ होतं. वरून चकचकीत दिसतं आणि एक दिवस काडीसारखं मोडतं. झिंकचा मुलामा देणाऱ्याकडे नेऊ नका ते याच कारणासाठी. स्वच्छ केल्यावर प्राइमर आणि रंग, एवढं पुरे.

धुतल्यावर बघायच्या जागा तीन: दोन्ही वळणं, डी-बुशखालचा (बार धरून ठेवणाऱ्या डी आकाराच्या रबराखालचा) भाग आणि टोकाची चपटी भोकं. आपल्या किनाऱ्यावरच्या गाड्यांत बुशखालचाच भाग सर्वात आधी जातो. मालवणकडच्या एका मासळीच्या गाडीचा बार माझ्याकडे आला होता. मासळीच्या गाडीतून बर्फाचं खारं पाणी दिवसभर ठिबकत असतं. बार बाहेरून काळाकुळकुळीत, रंग शाबूत. बुश काढला तर आत ओली वाळू, आणि बारला चारी बाजूंनी कातरल्यासारखी खाच. व्हर्निअर लावला तर २४ मिमीचा बार तिथे २२ सुद्धा भरेना. रबर आणि लोखंडाच्या मध्ये खारी वाळू अडकते, बार फिरला की ती कानशीसारखी घासते, आणि पाणी वाळत नाही ते वेगळंच. म्हणून बारचं माप एका जागी घेऊन भागत नाही. मधे, दोन्ही बुशच्या जागी, दोन्ही वळणांवर घ्या आणि ताडून बघा. वळणावर हाताला लागतील असे खड्डे असतील किंवा बुशच्या जागी १ मिमीपेक्षा जास्त झीज असेल तर बार नाकारा. दीड हजार गेले तर गेले.

तडा डोळ्यांना दिसेलच असं नाही. बाजारात तडे शोधायचे तीन डब्यांचे स्प्रे मिळतात, ते उत्तम. नसतील तर जुनी रीत वापरा. स्वच्छ कोरड्या बारला वळणांवर आणि भोकांभोवती रॉकेल चोळा, वीस मिनिटं तसंच राहू द्या. मग कपड्याने इतकं पुसा की हाताला तेलकट लागणार नाही. त्यावर पांढऱ्या खडूची बारीक पूड दाबून लावा आणि चहा घेऊन या. तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर केसासारखी करडी रेघ उमटते. अशी रेघ दिसली तर तो बार फक्त वजनावर विकायचा.

बार वाकलेला नाही ना, ते सपाट जमिनीवर ठेवून बघा. दोन्ही टोकं सारखीच टेकली पाहिजेत. एक टोक अधांतरी राहिलं तर मूळ गाडीचा अपघात झालेला असू शकतो. गॅसने लाल करून बार सरळ करायचा किंवा हात वाकवून घ्यायचा विचार मनात आणू नका. लाल झाला की पोलादाचं पाणी उतरतं, तो साधी सळई होतो. वेल्डिंगने हात लांब करणं त्याहून वाईट, कारण वेल्डच्या कडेला पोलाद ठिसूळ होतं आणि रोजच्या पिळाने तिथेच मोडतं. एका गिऱ्हाइकाने असा जोडलेला बार लावून आणला होता, तोही मी न विचारता काढून ठेवला. टोकाच्या चपट्या भागात नवं भोक पाडणंही त्याच यादीत धरा.

बार पास झाला तर तो पुढे लावायचा की मागे? तुमचा बार मूळ गाडीत मागे होता म्हणून तुम्ही जीपलाही मागेच लावायचं ठरवलंय. मी तसं करणार नाही. जीपचे मागचे पाटे आधीच कडक असतात. पुढे काही नाही आणि फक्त मागे बार घातला, तर वळणावर मागच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार जातो, आतलं चाक हलकं होतं आणि मागची पकड कमी होते. कोरड्या रस्त्यावर ते जाणवणारही नाही. जुलैत करूळच्या वळणावर, रस्त्यावर लाल मातीचा पातळ राड पसरलेला असताना, शेपूट बाहेर जाईल आणि सावरायला वेळ मिळणार नाही. पुढे बार असेल तर उलट होतं. गाडी थोडी सरळ जायला बघते, तुम्हाला स्टिअरिंगमध्ये ते कळतं आणि वेग कमी करता येतो. म्हणून पाट्याच्या जीपला पहिला बार पुढेच.

मागचा बार पुढे बसेल का, हे मापावर ठरेल. चांगली बाजू अशी की मागे अख्खा एक्सल असलेल्या गाडीचा बार अशाच एक्सलसाठी घडवलेला असतो, त्यामुळे त्याचा आकार जीपच्या पुढच्या एक्सलच्या जवळपास जातो. अडचण ही की पुढे गर्दी फार. डिफरन्शियलचा गोळा, पुढचा प्रॉपेलर शाफ्ट, स्टिअरिंगच्या दांड्या (टाय रॉड आणि ड्रॅग लिंक), इंजिनचा चेंबर, हे सगळं त्याच जागेत. बार उचलून गाडीखाली घुसवत बसू नका. ८ मिमीची साधी सळई घ्या, बारच्या आकाराची हुबेहूब वाकवा आणि तो हलका साचा गाडीखाली धरून बघा. पहिली जागा एक्सलच्या पुढे, रेडिएटरखालच्या क्रॉस मेंबरजवळ. दुसरी एक्सलच्या मागे. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, टायरची आतली कड हाताला किंवा लिंकला लागता कामा नये. ३१ इंची टायरने नेमकं इथेच नडतं. साचा कुठेच बसत नसेल तर बार मागे ढकलायच्या मोहात पडू नका. तो परत करा आणि दुसरा शोधा.

मधला भाग चेसीला आणि लिंक एक्सलला, की उलट? उचललेल्या गाडीला मी बार चेसीलाच टांगतो. एक्सलवरचं वजन वाढत नाही आणि दगडांत बार खाली आपटत नाही.

चेसीला पट्ट्या लावताना चेसीच्या वरच्या-खालच्या कडेला आडवं वेल्डिंग करू नका, भोकंही तिथे पाडू नका. सगळ्यात जास्त ताण त्याच कडांवर असतो. उभ्या बाजूला ६ मिमीची प्लेट ठेवून बोल्ट करा. चेसी पेटीसारखी बंद असेल तर बोल्टच्या भोकात आरपार पाइपाचा तुकडा घाला, म्हणजे बोल्ट आवळताना पेटी चेपणार नाही. हा पाइप विसरला की बोल्ट आज घट्ट, आठ दिवसांनी सैल. एक्सलच्या बाजूला, जमलं तर नळीवर वेल्ड करण्यापेक्षा यू-बोल्टने आवळायचं ब्रॅकेट बनवून घ्या. वेल्डच करावा लागला तर थोडा थोडा, थंड होऊ देत, नाहीतर नळी वाकते आणि आतलं सील जळतं. त्या वेळी बॅटरीचं टर्मिनल काढलेलं असावं आणि बार गाडीवर नसावा. वेल्डरचा हात चुकून बारला टेकला आणि एक ठिणगी उडाली तरी तिथे तड्याचं बी पेरलं जातं.

आता लिंक. इथे सावकाश वाचा.

गाडी स्वतःच्या चाकांवर, नेहमीच्या सामानासह, सपाट जागी उभी असताना बारचे हात जमिनीला समांतर पाहिजेत आणि लिंक हाताशी काटकोनात उभी पाहिजे. लिंकचं माप याच स्थितीत घ्यायचं: हाताच्या भोकाच्या मध्यापासून एक्सलवरच्या ब्रॅकेटच्या भोकाच्या मध्यापर्यंत. जॅकवर चाकं लोंबकळत असताना घेतलेलं माप चुकीचंच येणार.

हे का, ते आकड्यात सांगतो. समजा हाताची लांबी २०० मिमी आहे. गाडी ३ इंच, म्हणजे साधारण ७५ मिमी उचलली, पण लिंक न उचललेल्या गाडीच्या मापाची ठेवली. चेसी वर गेली, एक्सल तिथेच राहिला, म्हणजे हाताचं टोक ७५ मिमी खाली ओढलं गेलं. गाडी नुसती उभी असतानाच हात २२ अंश खाली झुकलेला. आता एखाद्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, चाक १२० मिमी खाली लोंबलं. टोक एकूण १९५ मिमी खाली जातं आणि हात ७७ अंशांवर पोचतो, म्हणजे जवळजवळ उभाच. लिंकही उभी, हातही उभा, दोन्ही एका रेषेत. यापुढे थोडा धक्का बसला की लिंक उलट्या बाजूला पलटते. चाक वर येताना ती परत फिरत नाही, तिथेच अडकते, आणि बार, ब्रॅकेट किंवा ब्रेकचा होज, जे कमकुवत असेल ते तुटतं. त्याच गाडीला ७५ मिमी जास्त लांबीची लिंक घातली तर उभ्या गाडीत हात सपाट, आणि चाक १२० मिमी लोंबल्यावर जेमतेम ३७ अंश. काहीच होत नाही. एवढ्याशा लोखंडी दांडीच्या लांबीवर हे सगळं अवलंबून आहे.

पाट्यांच्या गाडीत आणखी एक गंमत असते. पाटा दबून सपाट झाला की तो लांबतो, आणि एक टोक बांधलेलं असल्याने एक्सल शॅकलच्या दिशेने सरकतो. म्हणजे चाक वर जाताना लिंकचं खालचं टोक पुढे-मागेही जातं. म्हणून लिंकच्या दोन्ही टोकांना असा जोड पाहिजे जो कलला तरी अडत नाही. रबर किंवा पॉलीयुरेथेनच्या बुशची उभी लिंक थोडा कल सहज सोसते. गोळ्याच्या जोडाची लिंक जास्त कल सोसते, पण आपल्या खाऱ्या हवेत रबरी टोपी फाटली की एका पावसाळ्यात गोळा खडखडतो. मी उभी बुशवाली लिंक पसंत करतो. लांबी कमीजास्त करता येईल अशी, डाव्या-उजव्या आट्यांची करून घेतली तर पाटे पुढे बसले तरी माप परत जुळवता येतं. पुढून बघितलं तर दोन्ही लिंक सरळ उभ्या दिसाव्यात. आत किंवा बाहेर तिरक्या दिसल्या तर एक्सलवरचं ब्रॅकेट सरकवा, लिंकवर जोर काढू नका.

डी-बुश बारच्या नेमक्या जाडीचे घ्या. २२ मिमीच्या बारवर २४ चा बुश घालून वर पट्टी आवळली तर पहिल्याच खड्ड्यात टकटक सुरू होते. बुशला साधं काळं ग्रीस लावू नका, रबर फुगतं आणि चिकट होतं. सिलिकॉन ग्रीस लावा, पॉलीयुरेथेनला तर ते लागतंच. बार आडवा सरकू नये म्हणून मूळ गाडीत बुशशेजारी कडी असते. ती निघून गेली असेल तर दोन भागांची, स्क्रूने आवळायची कडी घाला. तिथेही वेल्ड नको.

सगळं हाताने सैलसर लावून झालं की तपासणी. मी त्यासाठी शाडू वापरतो. आमच्याकडे गणपतीच्या शाळेत मागितला की मूठभर कोणीही देतो. बार आणि डिफरन्शियलचा गोळा, बार आणि टाय रॉड, लिंक आणि टायर, हात आणि ब्रेकचा होज, जिथे जिथे शंका असेल तिथे सुपारीएवढा गोळा चिकटवा. मग एका पुढच्या चाकाखाली फळी टाकून चिऱ्यांचा उतार करा आणि गाडी हळूहळू वर चढवा, जोपर्यंत ते चाक बंपस्टॉपला (एक्सल आणखी वर जाऊ न देणाऱ्या रबराला) टेकत नाही आणि दुसरं पूर्ण लोंबत नाही. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना वळवा. खाली उतरवा, आता दुसरं चाक चढवा. मग शाडू बघा. गोळा चेपला असेल तर तिथे किती जागा उरली ते चेपलेल्या शाडूच्या जाडीवरून व्हर्निअरने मोजता येतं. हलणाऱ्या दोन भागांत मी किमान २० मिमी जागा ठेवतो. ब्रेकचा होज त्या वेळी ताणलेला दिसला तर गाडी उचलताना कोणी तो बदललाच नव्हता. तेवढं काम त्याच दिवशी करून टाका.

चिऱ्यांबद्दल एक सांगायलाच हवं. चिरे चाकाखाली, तेही वर फळी टाकून, आणि गाडीखाली कोणी नसतानाच. चेसी किंवा एक्सल चिऱ्यावर टेकवून गाडीखाली कधीही झोपू नका. जांभा एका जागी भार आला की न सांगता फुटतो. खाली काम करायचं तर लोखंडी घोडीच लावा.

शेवटची आवळणी गाडी चाकांवर उभी असतानाच. लोखंडी नळी बसवलेल्या रबरी बुशची लिंक असेल तर हे फार महत्त्वाचं. चाकं लोंबत असताना आवळली तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं आणि गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं, दोन महिन्यांत फाटतं. बोल्ट ८.८ ग्रेडचे, नट नायलॉकचे, दोन्ही नवे. १० मिमीच्या बोल्टला साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर, १२ मिमीला ८० ते ८५. उभ्या लिंकच्या रबरी बुशला मात्र हा हिशोब लावू नका. तिथे रबर वायसरच्या कडेपर्यंत फुगलं की थांबायचं.

तुम्ही दगडधोंड्यांत गाडी घालत असाल तर एका बाजूची लिंक पिनने सोडता येईल अशी करा. बार जोडलेला असला की चाक मोकळं लोंबत नाही आणि गाडी तीन चाकांवर उभी राहते. सोडलेली लिंक तारेने बांधून ठेवायची, वाट संपली की पिन परत घालायची आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी खाली वाकून बघायचं. वाळूसाठी विचारलं असतं तर सांगितलं असतं की किनाऱ्यावर गाडी नेऊच नका. वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात, वाळूखाली घरटी असतात ती चाकाला दिसत नाहीत.

ज्यांच्याकडे २०२० नंतरची थार आहे त्यांना पुढे-मागे कंपनीचाच बार मिळालेला असतो. गाडी उचलली की त्यांनी दुसरा बार शोधत फिरू नये. वर सांगितलं तसं माप घेऊन लिंक लांब करून घ्यावी, हात परत सपाट येतील.

कायद्याचंही स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही ज्याने नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही. तुमची गाडी आधीच उचललेली आहे, टायर मोठे आहेत. बारने ती जास्त सुरक्षित होईल हे खरं, पण अपघात झाला तर विमावाला आधी याच गोष्टींवर बोट ठेवेल. आरटीओत जाऊन समोरासमोर विचारून घ्या.

पहिली फेरी रिकाम्या मैदानात, २० ते ३० च्या वेगात, नागमोडी. कान खिडकीबाहेर ठेवा. टकटक आली तर बुश किंवा लिंक सैल, खरखर आली तर काहीतरी घासतंय. झुकणं कमी झालेलं लगेच कळेल, पण त्या आनंदात वेग वाढवू नका. गाडीचं वजन अजूनही ३ इंच वरच आहे. बार झुकणं कमी करतो, गाडी उलटायची मर्यादा तो फार पुढे ढकलत नाही.

आवळून झालेल्या प्रत्येक नटावरून ब्रॅकेटवर जाईल अशी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा. पहिल्या खेपेला कोल्हापूरला निघालात की तळेऱ्याहून वळल्यावर वैभववाडीला थांबा, खाली वाका आणि सगळ्या नटांवर टॉर्च मारा. नटावरची आणि ब्रॅकेटवरची रेघ जुळत असेल तर करूळ चढा. कुठे केसभरही सरकलेली दिसली तर तिथेच पाना लावा, आणि घरी आल्यावर चेसीतला तो पाइपाचा तुकडा खरंच घातला होता का ते परत उघडून बघा.